बालवाङ्मयातील समुद्र : नाव, रूपक आणि ताटातला मासा

(१)

मुलांना समुद्रातील प्राण्यांची ओळख करून देणारी पुस्तके ही शिक्षणशास्त्राची बाब आहे, वाङ्मयसमीक्षेचा तिच्याशी संबंध नाही, अशी एक समजूत रूढ आहे. माहिती बरोबर आहे की नाही हे प्राणिशास्त्रज्ञाने पाहावे, ती मुलांना समजते की नाही हे शिक्षकाने पाहावे, म्हणजे काम संपले, असे ह्या समजुतीमागील गृहीत दिसते. हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे. माशाला, खेकड्याला किंवा देवमाशाला पुस्तकात आणणाऱ्या लेखकाला पहिल्या पानापासूनच तीन निर्णय घ्यावे लागतात. त्या प्राण्याला नाव कोणते द्यावयाचे, हा पहिला. त्याच्या आत काय चालले आहे असे सांगावयाचे, हा दुसरा. आणि त्याच्या मरणाचे, विशेषतः माणसाच्या हातून होणाऱ्या मरणाचे, काय करावयाचे, हा तिसरा. हे तिन्ही निर्णय भाषेचे आणि कल्पनेचे आहेत. म्हणून ते समीक्षेच्या कक्षेत येतात. माहिती अचूक असूनही पुस्तक खोटे असू शकते, आणि माहितीत उणीव असूनही ते मुलाला समुद्राजवळ नेऊ शकते, ह्याचे कारण ह्या निर्णयांत सापडते.

ह्या दृष्टीने पाश्चात्त्य परंपरेतील काही प्रसिद्ध कृतींचा विचार प्रथम करून नंतर मराठी भाषेपुढे ह्या संदर्भात कोणती विशेष अडचण आणि कोणती विशेष संधी आहे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

(२)

समुद्रजीवनाविषयीच्या लोकप्रिय लेखनाचा आधुनिक काळातील उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील इंग्लंडात आढळतो. फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गाभ्यासकाचे डेव्हनच्या किनाऱ्यावरील भटकंतीचे पुस्तक १८५३ साली आणि मत्स्यालयावरील पुस्तक १८५४ साली प्रसिद्ध झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली उघडलेल्या सार्वजनिक मत्स्यालयाच्या उभारणीतही त्याचा वाटा होता. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत उरणारे समुद्रफूल, लहान खेकडे, तारामासे ह्यांचे गॉसने केलेले वर्णन इतके प्रत्ययकारी होते की, मध्यमवर्गीय कुटुंबे मुलाबाळांसह किनाऱ्यावर लोटू लागली. घरोघरी काचेच्या टाक्या आल्या.

ह्या यशाची दुसरी बाजू गॉसचा पुत्र एडमंड गॉस ह्याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फादर अँड सन’ ह्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. वडिलांच्या पुस्तकांनी ज्या डबक्यांचे सौंदर्य लोकांना दाखवले, तीच डबकी त्या पुस्तकांच्या वाचकांनी ओरबाडून उजाड केली, आणि ह्या नाशाची वडिलांना पुढे खंत वाटत राहिली, असा त्या निवेदनाचा आशय आहे. समुद्राविषयी मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक लेखकाने लक्षात ठेवावी अशी ही घटना आहे. गॉसने दिलेली माहिती चुकीची नव्हती, प्रेमही खरे होते. परंतु पाहणे आणि हस्तगत करणे ह्यांतील भेद त्या वर्णनाने वाचकाच्या मनात पुरेसा उभा केला नव्हता. एखादी वस्तू सुंदर आहे एवढेच सांगितले, तर ती आपली व्हावी असे वाचकाला वाटणे स्वाभाविकच आहे.

चार्ल्स किंग्स्ली हा गॉसचा वाचक आणि प्रशंसक होता. गॉसच्या पुस्तकांच्या परीक्षणातूनच त्याचे किनाऱ्यावरील चमत्कारांविषयीचे ‘ग्लॉकस’ हे पुस्तक १८५५ साली सिद्ध झाले. तथापि त्याची कीर्ती टिकली ती १८६३ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘द वॉटर-बेबीज’ ह्या कथेमुळे. धुराडी साफ करणारा टॉम नावाचा पोरका मुलगा नदीत बुडतो, कल्ले असलेले जलबालक होतो आणि नदीतून समुद्रापर्यंत प्रवास करतो, असे तिचे स्थूल कथानक आहे. ह्या कथेत उपदेशाचा भार फार आहे, विषयांतरे अनेक आहेत, आणि लेखकाचे काही सामाजिक पूर्वग्रह आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाहीत. तिच्यातील सॅमन मासे ट्राउट माशांना आपले अधःपतित आप्त मानून हिणवतात; हा उपहास इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेचा आहे, माशांविषयी तो काही सांगत नाही.

परंतु एका प्रसंगी किंग्स्लीने जे साधले ते गॉसला साधले नव्हते. टॉम समुद्रफुलांच्या तोंडात खडे घालून त्यांना अन्न मिळाल्याचा भास करून देतो. पुढे कर्माचे फळ देणारी परी सर्व बालकांना खाऊ वाटते आणि टॉमच्या तोंडात मात्र खडा घालते. प्रसंग लहान आहे, आणि त्यातील नीती उघड आहे. तरीही ती वरून चिकटवलेली वाटत नाही. कारण समुद्रफूल हे फूल नसून तोंड असलेला, अन्नाची वाट पाहणारा प्राणी आहे, हे ज्ञान समजल्याखेरीज त्या शिक्षेचा अर्थच लागत नाही. ज्ञान आणि नीती येथे एकाच घटनेत सामावली आहेत. ज्या मुलाने हा प्रसंग वाचला, त्याला डबक्यातील त्या प्राण्याला बोट लावताना क्षणभर तरी थांबावेसे वाटेल.

(३)

प्राण्याच्या अंतरंगाचा प्रश्न सर्वांत अधिक सावधपणे हाताळला तो अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन हिने. तिचे ‘अंडर द सी-विंड’ हे पहिले पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात ओढली गेली आणि पुस्तक दुर्लक्षित राहिले. १९५१ मधील ‘द सी अराउंड अस’ ह्या ग्रंथाच्या यशानंतर १९५२ साली ते पुन्हा छापले गेले. हे पुस्तक केवळ मुलांसाठी लिहिलेले नाही. तथापि मुलांसाठी लिहिणाऱ्याला त्यापासून शिकण्यासारखे बरेच आहे.

कार्सनने आपल्या पात्रांना नावे दिली, पण ती माणसांची दिली नाहीत. बांगड्याच्या जातकुळीतील जो मासा तिच्या पुस्तकाच्या मध्यभागी आहे, त्याचे नाव स्कॉम्बर. सागरात जन्मून नदीत वाढणाऱ्या आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा सागराकडे परतणाऱ्या ईल माशाचे नाव अँग्विला. ही प्राणिशास्त्रातील प्रजातिनामेच आहेत. ह्या योजनेने दोन गोष्टी एकाच वेळी साधतात. नावामुळे वाचकाचे लक्ष एका जिवावर स्थिर होते. परंतु ते नाव संपूर्ण प्रजातीचे असल्यामुळे तो जीव एकटा होत नाही. स्कॉम्बर वाचला, तरी त्याच्याबरोबर जन्मलेले असंख्य मेले, ही जाणीव वाचकाच्या मनातून पुसली जात नाही. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतच्या प्रवासात बहुसंख्य माशांचा अंत होतो, हा समुद्राचा नियम कार्सनने लपवला नाही आणि त्यावर अश्रूही ढाळले नाहीत.

माशाला भीती वाटली असे लिहावे की नाही, हा प्रश्नही तिने टाळला नाही. पुस्तकाच्या प्रास्ताविकात तिने स्पष्ट केले आहे की, असे शब्द आपण वापरले आहेत, पण माशाची भीती माणसाच्या भीतीसारखी असते असा आपला दावा नाही. मासा भ्यालेल्यासारखा वागतो, एवढेच त्यातून अभिप्रेत आहे. ही भूमिका बालवाङ्मयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. भावनेचे शब्द सर्वस्वी वर्ज्य केले तर मुलाला प्राण्याशी नातेच जोडता येणार नाही. ते बेबंदपणे वापरले तर मासा हा खवल्यांचा अंगरखा घातलेला माणूस होऊन बसतो. कार्सनचा मार्ग ह्या दोहोंच्या मधला आहे. वर्तन नेमके सांगावयाचे, आणि भावनेचा शब्द त्या वर्तनाच्या मापानेच वापरावयाचा.

मरणाच्या तिसऱ्या प्रश्नावरही तिची समज वेगळी आहे. तिच्या पुस्तकात माणूस जाळे घेऊन येतो, पण तो खलपुरुष म्हणून येत नाही. नौकेवरील एका तरुण मच्छीमाराला, जाळ्यात आलेल्या ह्या माशांच्या डोळ्यांनी खाली काय पाहिले असेल, असे कुतूहल वाटते. मासे पकडणे आणि माशाविषयी विस्मय वाटणे ह्या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हे तिने कोणताही निष्कर्ष न काढता दाखवले. १९५६ साली एका नियतकालिकात आलेल्या आणि तिच्या मृत्यूनंतर १९६५ साली ग्रंथरूप पावलेल्या ‘द सेन्स ऑफ वंडर’ ह्या निबंधात तिने लहान वयात माहितीपेक्षा संवेदनेला अग्रक्रम दिला आहे. हा विचार पुष्कळदा माहितीच्या विरोधी म्हणून उद्धृत केला जातो. तो तसा नाही. आधी पाहण्याची ओढ, मग नावाची गरज, असा क्रम त्यात सुचवला आहे; नाव अनावश्यक आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

(४)

ह्याच्या उलट टोकाला रूपककथा उभी आहे. लिओ लिओनीच्या १९६३ मधील ‘स्विमी’ ह्या चित्रपुस्तकात लाल माशांच्या थव्यातील एकटा काळा मासा, भावंडे ट्यूना माशाच्या पोटात गेल्यावर, नव्या थव्याला एका प्रचंड माशाच्या आकारात पोहावयास शिकवतो आणि स्वतः त्या आकृतीचा डोळा होतो. इराणी लेखक समद बेहरंगी ह्याची छोट्या काळ्या माशाची कथा १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील मासा ओढ्याची सीमा ओलांडून समुद्राकडे निघतो, आणि त्याचा प्रवास हा एका दडपलेल्या समाजातील जिज्ञासेचा प्रवास आहे हे वाचकांनी तत्काळ ओळखले. ह्या दोन्ही कथा प्राणिशास्त्र शिकवत नाहीत. माशांच्या खऱ्या थव्याला नेता नसतो. दृष्टी आणि अंगावरील पार्श्वरेखेने जाणवणारा पाण्याचा दाब ह्यांच्या आधारे प्रत्येक मासा शेजाऱ्याशी अंतर राखतो. तरीही लिओनीवर असत्याचा आरोप करता येणार नाही. त्याची कथा माशांविषयी बोलण्याचा आव आणत नाही. ती संघभावनेविषयी बोलते, आणि मुलाला हे कळते.

खरा दोष उत्पन्न होतो तो मधल्या प्रकारात, म्हणजे जेथे समुद्राचे दर्शन यथातथ्य असल्याचा आभास निर्माण केला जातो आणि प्राण्यांची जीवनरीती मात्र मानवी कुटुंबाच्या साच्यात बसवली जाते. २००३ मधील ‘फाइंडिंग निमो’ ह्या चित्रपटात प्रवाळांचे, समुद्रफुलाच्या शुंडकांचे आणि पाण्यातील प्रकाशाचे चित्रण विलक्षण निष्ठेने केलेले आहे. आई मरते आणि पिता पुत्राचा सांभाळ करतो. विदूषकमाशांत नर अंड्यांची राखण करतो, हे खरेच आहे. परंतु ह्याच माशांत जोडीतील मादी मेल्यास प्रजननक्षम नर कालांतराने स्वतःच मादी होतो, ही त्याहून विस्मयकारक वस्तुस्थिती कथेत येऊ शकली नाही. कारण कथेला हवे होते ते माणसाचे घर. येथे कल्पनाशक्तीने वास्तवावर मात केली असे म्हणता येत नाही. वास्तव अधिक कल्पक होते, कथाच बिचकली.

ह्याच्या शेजारी एरिक कार्लचे २००४ मधील ‘मिस्टर सीहॉर्स’ हे पुस्तक ठेवले म्हणजे फरक ध्यानात येतो. समुद्रघोड्याची मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत ठेवते, आणि पिले बाहेर येईपर्यंत नर ती वागवतो. वाटेत त्याला अंडी सांभाळणारे इतर जातींचे नर भेटतात. पात्रे बोलतात, एकमेकांची विचारपूस करतात. म्हणजे मानवीकरण येथेही आहे. पण कथेचा कणा त्या प्राण्यांच्या जीवनरीतीतून घेतलेला आहे. बोलणे काढून टाकले तरी कथा उभी राहते. मानवीकरण ग्राह्य की त्याज्य, हा वाद बहुधा चुकीच्या जागी घातला जातो. प्राण्याने बोलावे की नाही, ह्यापेक्षा त्याच्या आयुष्यात जे घडते ते त्याचे आहे की माणसाचे, हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी आहे.

(५)

मराठीत हा विचार आणताच पहिली अडचण नावांची येते. देवमासा हा मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. तारामासा हाही मासा नाही. त्याला पाठीचा कणाच नाही. जेलीमासा तर ह्या दोहोंहून दूरचा. उलट ज्याच्या नावात मासा नसून घोडा आहे, तो समुद्रघोडा मात्र कल्ले आणि पर असलेला खराखुरा मासा आहे. ह्या नावांवर उपाय म्हणून कंटकचर्मी, मृदुकाय, कवचधारी असे संस्कृतोद्भव पारिभाषिक शब्द योजले गेले. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत. पण मुलाच्या कानाला ते परके वाटतात, आणि परीक्षेनंतर ते त्याच्याजवळ राहत नाहीत. देवमासा हे नाव रद्द करण्याची गरज नाही. ते नाव चुकीचे का पडले, आणि माणसाने त्याला मासा का मानले असावे, ह्याची चर्चा हाच एक चांगला पाठ आहे. माशाची शेपटी डावीउजवीकडे हलते, देवमाशाची वरखाली; एवढे एक निरीक्षण पारिभाषिक शब्दांच्या यादीपेक्षा अधिक शिकवून जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजी पुस्तकांतील मूल समुद्राकडे सहलीला जाते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील मुलाकडे समुद्र रोज घरी येतो. तो टोपलीतून येतो. बाजारात मासळी घेताना आई कल्ला उचलून आतला लाल रंग पाहते, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते. तो रंग लाल का, तर पाण्यातील प्राणवायू शोषणाऱ्या असंख्य सूक्ष्म रक्तवाहिन्या तेथे असतात, आणि मासा शिळा होऊ लागला की तो रंग काळपटतो. एवढे सांगितले की श्वसनाचा पाठ पूर्ण होतो. मुशीच्या तुकड्यात टोचणारे बारीक काटे नसतात, कारण तिचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. लेप माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. पिलू असताना ते दोन बाजूंना होते, आणि वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्याजवळ आला. म्हाकूळ साफ करताना आतून जी पारदर्शक पट्टी निघते, ती शंखशिंपल्यांशी असलेल्या त्याच्या नात्याची खूण आहे. त्याच्याच एका भाईबंदाचे पांढरे, हलके कवच किनाऱ्यावर सापडते, आणि जुन्या घरांतून ते समुद्रफेस म्हणून औषधाच्या डब्यात ठेवलेले असे. कोळंबी सोलताना पाठीवरचा जो काळा धागा काढून टाकतात, ती तिची अन्ननलिका. भरतीओहोटीचे गणित तिथीवर मांडणारे उधाण आणि भांग हे शब्द तर कोळीवाड्यातील मुलाच्या बोलण्यातच असतात.

हे सर्व ज्ञान आहे. परंतु शाळेत त्याची गणना ज्ञान म्हणून होत नाही. किंबहुना तेथे त्याचा उल्लेख होतो तो निराळ्या रीतीने. वर्गात गोंगाट झाला की ‘हा वर्ग आहे की मासळी बाजार?’ असा प्रश्न विचारण्याची प्रथा मराठी शाळांत जुनी आहे. ज्या मुलाची आई त्याच बाजारात बसते, त्याला ह्या वाक्यातून काय शिकवले जाते, ह्याचा विचार क्वचितच होतो. समुद्राविषयी सर्वांत अधिक जाणणारे मूल ह्या एका वाक्याने गप्प होते. नंतर त्याच्या हाती येणाऱ्या चित्रमय पुस्तकात प्रवाळांमधून पोहणारे परदेशी रंगीत मासे असतात. बोंबील, तारली, मांदेली त्यात नसतात. म्हणजे त्याचा मासा आधी अपमानाचा विषय होतो आणि मग अनुपस्थित होतो.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. मासा हे अन्न आहे असे सांगून सुरुवात केली तर मुलाच्या मनात त्या जिवाविषयी आस्था कशी निर्माण होईल? शिवाय महाराष्ट्रातील अनेक मुले मासे न खाणाऱ्या कुटुंबांतील आहेत, त्यांचे काय? आक्षेपाचा दुसरा भाग रास्त आहे. स्वयंपाकघर हे सर्वांचे प्रवेशद्वार होऊ शकत नाही. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येक पिढ्यांतील अशा मुलांना काचेपलीकडचा मासा दाखवला. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले, आणि वाळूतून निघून समुद्राकडे धावणारी पिले पाहणे हा अनेक मुलांसाठी पहिला पाठ ठरला. ही प्रवेशद्वारेही हवीतच.

पहिल्या भागाला मात्र उत्तर आहे, आणि ते भारतीय परंपरेतील एका अतिप्राचीन मत्स्यकथेत मिळते. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेत हातपाय धुण्याच्या पाण्यात आलेला लहान मासा मनूजवळ संरक्षण मागतो. कारण मासा लहान असतो तोवर मोठे मासे त्याला गिळतात. मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात ठेवतो आणि वाढल्यावर समुद्रात सोडतो. ह्या कथेचा पुढील भाग प्रलयाचा म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वार्धाकडे बालशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले गेलेले नाही. लहान माशाच्या जिवाचा धोका हे कार्सनच्या पुस्तकाचे सूत्र येथे बीजरूपाने आहे. आणि मासे खाणाऱ्या समाजाला लागणारी नीतीही येथेच आहे: वाढेपर्यंत त्याला राखावे.

ही नीती आज केवळ पौराणिक राहिलेली नाही. महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचा अधिनियम १९८१ साली झाला. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, अनेक जातींच्या प्रजननाच्या काळात, यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटण्याच्या जुन्या रिवाजाशी ती सुसंगत आहे. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा देण्यात आला, त्यामागे पूर्ण वाढ होण्यापूर्वीच ते पकडले जाण्याची चिंता होती. तळहाताएवढे पापलेट बाजारात का घेऊ नये, हे ज्या मुलाला समजले, त्याला मत्स्यजीवन, अर्थव्यवहार आणि संयम ह्या तिन्हींचा धडा एकदम मिळाला. अन्न म्हणून माशाकडे पाहणे हे आस्थेच्या आड येत नाही. ज्याला उद्याही मासा हवा आहे, त्याला माशाच्या पिलाची काळजी करावीच लागते.

(६)

ह्या विवेचनावरून काही निकष हाती लागतात. समुद्रातील प्राण्यांविषयी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात कथेचा कणा त्या प्राण्याच्या जीवनरीतीतून यावा. भावनेचा शब्द वर्तनाच्या मापाने वापरावा. मरण वगळू नये, आणि मच्छीमाराला खलपुरुष करू नये. सौंदर्य दाखवताना त्याबरोबर हात आवरण्याचे कारणही दाखवावे. अन्यथा डेव्हनच्या डबक्यांची कथा पुन्हा घडते. मराठीत लिहिताना लोकांच्या तोंडी असलेली नावे प्रथम द्यावीत, आणि पारिभाषिक नाव त्यानंतर, गरज पडेल तेथे द्यावे.

ह्या निकषांवर मराठीतील उपलब्ध बालवाङ्मयाची तपशीलवार पाहणी होणे इष्ट आहे, आणि ते काम मराठी व प्राणिशास्त्र ह्या दोन विभागांनी मिळून करण्यासारखे आहे. पालघरपासून काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यावर एकाच माशाला किती नावे आहेत, कोणत्या वाढीच्या अवस्थेला कोणते वेगळे नाव आहे, ह्याचा संग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल. त्यासाठी ग्रंथालयापेक्षा मासळी बाजारात अधिक वेळ घालवावा लागेल, आणि तेथे बसणाऱ्या स्त्रियांकडून शिकावे लागेल. कार्सनने बांगड्याच्या एका आप्ताला नायक करून एक उत्कृष्ट ग्रंथ लिहिला. प्रत्यक्ष बांगडा मात्र मराठी मुलाच्या पुस्तकात अद्याप आपल्या जागेची वाट पाहत आहे.